द्वारकेचा दोष आणि व्हाइस ॲडमिरल सोमण

दर सप्टेंबरात एक वाक्य नेमाने फिरू लागते. १९६५च्या युद्धात भूदल लढले, वायुदल लढले, नौदल मात्र झोपा काढत राहिले. पुरावा म्हणून द्वारका पुढे केली जाते. पाकिस्तानच्या युद्धनौका मध्यरात्री आल्या, श्रीकृष्णाच्या नगरीवर तोफा डागून गेल्या आणि आपल्या आरमाराला त्याचा थांगपत्ता लागला नाही. मग नाव घेतले जाते ते तेव्हाच्या नौदलप्रमुखांचे, व्हाइस ॲडमिरल भास्कर सदाशिव सोमण यांचे. त्यावर कोणी मराठी अभ्यासक हळहळतोसुद्धा: आपला माणूस शिखरावर पोहोचला आणि नेमक्या वेळी कमी पडला.

हा धागा या वाक्याविरुद्ध आहे. मजकूर लांब आहे, पण अर्धवट वाचून भांडायला येऊ नका.

प्रथम हे गृहस्थ कोण, ते पाहू. ब्रिटिश अमदानीतील नौदलात १९३०च्या दशकात जे मोजके भारतीय अधिकारी म्हणून शिरले, त्यांच्यापैकी सोमण एक. स्वातंत्र्यानंतरही जवळजवळ अकरा वर्षे भारतीय नौदलाचे नेतृत्व इंग्रज अधिकाऱ्यांकडेच होते, ही गोष्ट आपण सहसा विसरतो. १९५८ साली रामदास कटारी पहिले भारतीय नौदलप्रमुख झाले. त्यांच्यानंतर ४ जून १९६२ रोजी सोमण आले. म्हणजे ते दुसरे. त्या काळी नौदलप्रमुखाचा हुद्दा व्हाइस ॲडमिरल इतकाच होता. भूदलाचे प्रमुख जनरल, तर नौदलाचे प्रमुख त्याहून एक पायरी खाली. पूर्ण ॲडमिरलचा हुद्दा या पदाला १९६८ साली मिळाला, तोही सोमण यांच्या उत्तराधिकाऱ्याला. दिल्लीच्या बैठकींत कोणाचा शब्द किती तोलला जात होता, याचा अंदाज एवढ्यावरून यावा.

प्रमुख होण्याआधीची त्यांची कामगिरी मात्र मराठी वाचकाला ठाऊक असायलाच हवी, कारण ती आपल्या अंगणात घडली. डिसेंबर १९६१. गोवामुक्तीच्या मोहिमेत भारतीय ताफ्याचे नेतृत्व रिअर ॲडमिरल सोमण यांच्याकडे होते. १८ डिसेंबरला ‘बेतवा’ आणि ‘बियास’ या फ्रिगेटींनी मुरगावच्या बंदरात ‘अफोन्सो द अल्बुकर्क’ या पोर्तुगीज युद्धनौकेशी गोळागोळी केली, आणि ती नौका जखमी होऊन किनाऱ्याला लागली. त्याच दिवशी कारवारजवळच्या अंजदीव बेटावर ‘त्रिशूल’वरून खलाशांची तुकडी उतरली. पोर्तुगीजांनी पांढरे निशाण दाखवले आणि नंतर गोळ्या झाडल्या. नौदलाची सात माणसे त्या बेटावर पडली. ‘म्हैसूर’ आणि ‘त्रिशूल’च्या तोफांच्या पाठबळावर बेट अखेर ताब्यात आले. दीवच्या बाजूला ‘दिल्ली’ ही क्रूझर होती.

गोव्याच्या कथेत आपण भूदलाच्या मुसंडीवर थांबतो. पणजीत शिरलेले जवान डोळ्यांपुढे येतात. अंजदीवचे खलाशी येत नाहीत. मराठी इतिहासप्रेमींची ही जुनी खोड आहे. आरमार म्हटले की आपण विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, कान्होजी आंग्रे इथे रमतो आणि तिथेच मुक्काम करतो. कान्होजींचे नाव मुंबईच्या नौदल तळाला १९५१ सालीच दिले गेले आहे. त्या तळावरून पुढे काय काय घडले, याची चौकशी आपण करत नाही.

तर, चार वर्षांपूर्वी ज्याने ताफा चालवून दाखवला, तो माणूस १९६५मध्ये अचानक निद्रिस्त कसा झाला? याचे उत्तर नकाशात आहे. नकाशा उघडा.

पोरबंदर शोधा. त्यावरून पूर्व-पश्चिम एक आडवी रेघ ओढा. आता द्वारका कुठे आहे ते पाहा. रेघेच्या वर, उत्तरेला. ओखा त्याहून वर. कराची तर फारच वर.

युद्ध भडकले त्या दिवसांत संरक्षण मंत्रालयाकडून नौदल मुख्यालयाला लेखी आदेश आला होता. नौदलाने समुद्रात पाकिस्तानविरुद्ध आपण होऊन आक्रमक कारवाई सुरू करू नये; मुंबईपासून दोनशे मैलांपलीकडे जाऊ नये; पोरबंदरच्या अक्षांशाच्या उत्तरेला, पाकिस्तानी हल्ल्याचा पाठलाग करावा लागल्याखेरीज, कारवाई करू नये. व्हाइस ॲडमिरल गुलाब हिरानंदानी यांनी लिहिलेल्या नौदलाच्या इतिहासात या आदेशाची आणि त्यावर सोमण यांनी सांगितलेल्या आठवणींची नोंद आहे. सोमण यांनी तो मुकाट्याने स्वीकारला नाही. ते संरक्षणमंत्र्यांकडे गेले. तिथे सांगण्यात आले की हा पंतप्रधानांचाही विचार आहे. मग ते शास्त्रीजींकडे गेले. निर्णय बदलला नाही.

आणि संरक्षणमंत्री कोण होते? यशवंतराव चव्हाण.

इथे अनेकांची बोटे थबकतात, हे मला ठाऊक आहे. हिमालयाच्या मदतीला धावलेला सह्याद्री आपल्या मनात इतका उंच आहे की त्याच्या खात्यातून निघालेला एखादा चुकीचा कागद आपल्याला दिसेनासा होतो. यशवंतरावांचा मोठेपणा मला मान्य आहे. १९६२च्या पराभवानंतर मोडून पडलेले खाते त्यांनी उभे केले, आणि १९६५चे युद्ध ज्या धीराने हाताळले तो धीर फार थोड्यांकडे असतो. पण दोन मराठी माणसे समोरासमोर बसली होती. एकाच्या हातात आदेश देण्याचा अधिकार होता, दुसऱ्यावर तो पाळण्याचे बंधन. पुढे साठ वर्षे पहिल्याच्या निर्णयाचे ओझे दुसऱ्याने वाहिले. हा न्याय नव्हे.

‘पण पाठलागाची मुभा होती ना?’ हा प्रश्न दर वेळी येतो, आणि प्रश्न रास्त आहे. म्हणून थोडा हिशेब करू. ७ सप्टेंबरच्या रात्री ‘बाबर’ ही क्रूझर आणि तिच्यासोबत ‘खैबर’, ‘बद्र’, ‘जहांगीर’, ‘आलमगीर’, ‘शाहजहान’, ‘टिपू सुलतान’ अशा एकूण सात नौका द्वारकेसमोर आल्या. मध्यरात्रीनंतर काही मिनिटे मारा झाला, प्रत्येकी सुमारे पन्नास गोळे, आणि सगळ्या माघारी वळल्या. मुंबई ते द्वारका अंतर समुद्रमार्गे तीनशे सागरी मैलांच्या आसपास आहे. द्वारका ते कराची दोनशेच्या आत. ताशी पंचवीस सागरी मैलांच्या वेगाने मुंबईहून निघालेली नौका बारा तासांनी द्वारकेला पोहोचेल; तेवढ्याच वेगाने परतणारी शत्रूची नौका आठ तासांत आपल्या बंदरात शिरलेली असेल. पाठलाग करायचा तर ताफा आधीपासून काठेवाडच्या उत्तरेला फिरत असायला हवा. आदेशाने नेमकी तीच जागा वर्ज्य केली होती. कुंपणाबाहेर जाऊ नका असे सांगायचे आणि कुंपणाबाहेरचा चोर का पकडला नाही असे विचारायचे, यातला प्रकार.

शिवाय ताफा होता कुठे? ऑगस्टच्या अखेरीस मुख्य ताफा बंगालच्या उपसागरात होता. इंडोनेशियाचा कल त्या वेळी उघडपणे पाकिस्तानकडे होता आणि अंदमान-निकोबारची चिंता दिल्लीला लागून राहिली होती. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो ताफा अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून मुंबईकडे परतला. ‘विक्रांत’ ही एकुलती एक विमानवाहू नौका मुंबईच्या गोदीत दुरुस्तीला लागलेली होती. (पाकिस्तानच्या प्रचारात ती युद्धात बुडालीही. गोदीत उभी असलेली नौका बुडवणे हा पराक्रम जगात विरळाच म्हणावा लागेल.)

राहिली ‘तलवार’. ही फ्रिगेट त्या रात्री ओख्याला होती, म्हणजे द्वारकेपासून अगदी जवळ. तिच्या यंत्रणेत बिघाड होता, कंडेन्सरची गळती दुरुस्त चालली होती. ती बाहेर पडली नाही. दुसऱ्या दिवशी तिच्यावरचे लोक द्वारकेला जाऊन नुकसानीची पाहणी करून आले. ‘तलवार’ने काहीतरी करायला हवे होते, असे नौदलातल्याच कित्येकांना वाटत आले आहे, आणि मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. सात नौकांसमोर एक आजारी फ्रिगेट नेऊन काय साधले असते, हे मला सांगता येत नाही; पण समुद्रावरच्या माणसांना त्या रात्रीची बोच लागून राहिली, ही त्यांच्या बाजूची खूण आहे. झोपलेल्यांना अशी बोच लागत नाही.

आता नुकसानीबद्दल. पाकिस्तानात ८ सप्टेंबर हा नौदलाचा विजयदिन म्हणून साजरा होतो. मोहिमेला त्यांनी नाव दिले होते ‘सोमनाथ’. नावामागचा हेतू कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. प्रत्यक्षात बहुतेक गोळे मंदिर आणि रेल्वे स्थानक यांच्या मधल्या मऊ जमिनीत रुतले, त्यांतले बरेच फुटलेच नाहीत. रेल्वेच्या विश्रामगृहाची पडझड झाली. द्वारकाधीशाच्या मंदिराला ओरखडाही आला नाही. लष्करी तराजूत ही घटना अगदी हलकी आहे. ती जड झाली ती लोकांच्या मनात, आणि संसदेत जो गदारोळ उठला त्यात. लोक विचारत होते, नौदल कुठे होते? उत्तर एका कागदावर लिहिलेले होते. तो कागद फायलीत होता. गणवेशातला माणूस वर्तमानपत्रांकडे जाऊन ‘मला मनाई होती’ असे सांगू शकत नाही. सोमण यांनी सांगितले नाही.

या हल्ल्याचा आणखी एक उद्देश होता, आणि टीकाकारांनी तो मुद्दाम ध्यानात घ्यावा. द्वारकेवर मारा करून भारतीय ताफ्यातील मोठ्या नौकांना मुंबईबाहेर खेचायचे, आणि तिथे दबा धरून बसलेल्या ‘गाझी’ या पाणबुडीने त्या टिपायच्या, असा बेत होता. १९६५ साली भारताकडे एकही पाणबुडी नव्हती. पाकिस्तानकडे ही एक होती. नंतर ‘गाझी’ने ‘ब्रह्मपुत्र’ ही नौका बुडवल्याचा दावाही केला गेला. तेव्हा आपल्या नौदलाने ती धडधाकट नौका परदेशी नौदल प्रतिनिधींना मुंबईत नेऊन दाखवली.

पाणबुडी नसणे हा कोणाचा दोष? इथेही सोमण यांच्या कारकिर्दीचा भाग वगळला जातो. १९६२च्या पराभवानंतर देशाचा सारा पैसा पर्वतीय डिव्हिजनांकडे आणि विमानांकडे वळला. वळायलाच हवा होता. शत्रू हिमालयातून उतरला होता, समुद्रातून नव्हे. संरक्षणखर्चातला नौदलाचा वाटा चार टक्क्यांच्या जवळपास आला. एवढ्या तुटपुंज्या तरतुदीत सोमण यांना जुन्या, ब्रिटिशांनी वापरून विकलेल्या नौका तरत्या ठेवायच्या होत्या आणि नव्या मिळवायच्याही होत्या. पाणबुड्यांसाठी आधी ब्रिटनकडे विचारणा झाली. परवडतील अशा अटी मिळाल्या नाहीत. अखेर १९६५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ‘कलवरी’ ही पहिली भारतीय पाणबुडी ८ डिसेंबर १९६७ रोजी रिगा इथे नौदलात दाखल झाली. त्याच करारात पेट्या वर्गाच्या पाणबुडीविरोधी नौकाही होत्या. माझगाव गोदीत लिअँडर वर्गाच्या फ्रिगेटी बांधण्याचा ब्रिटिश कंपन्यांशी झालेला करारही सोमण यांच्याच काळातला, १९६४चा. त्यातून १९७२ साली ‘निलगिरी’ बाहेर पडली. स्वतंत्र भारतात मुंबईतल्या कामगारांनी बांधलेली ती पहिली मोठी युद्धनौका.

या सगळ्या गोष्टी त्यांच्या निवृत्तीनंतर फळाला आल्या. ३ मार्च १९६६ला ते पदावरून उतरले, तेव्हा लोकांच्या स्मरणात फक्त द्वारका होती. भूदलप्रमुख जनरल चौधरी आणि वायुदलप्रमुख अर्जनसिंग या दोघांना पद्मविभूषण मिळाले. नौदलप्रमुखांचे नाव त्या यादीत नाही.

सरकारची बाजू पोकळ होती, असे मी म्हणत नाही. सरकारला युद्ध पश्चिमेच्या जमिनीपुरते ठेवायचे होते. पूर्व पाकिस्तानची आघाडी उघडायची नव्हती, समुद्रात युद्ध पसरले तर तटस्थ देशांची जहाजे आणि बड्या सत्ता त्यात ओढल्या जातील ही भीती होती, ‘विक्रांत’ अडकून पडलेली होती, अंदमानचा घोर होता. शास्त्रीजी आणि यशवंतराव यांनी हे सारे तोलून नौदलाला आवरून धरले असेल, तर तो राजकीय नेतृत्वाचा अधिकारच आहे. लोकशाहीत तसेच असायला हवे. माझी तक्रार पुढच्या गोष्टीबद्दल आहे. निर्णय आमचा होता, असे म्हणण्याची जबाबदारी निर्णय घेणाऱ्यांची असते. संसद आणि वर्तमानपत्रे नौदलाला जाब विचारत असताना ‘त्यांना आम्हीच थांबवले होते’ हे एक वाक्य उच्चारले गेले नाही. युद्ध चालू असताना ते उच्चारणे धोक्याचे होते, हे कबूल. २३ सप्टेंबरला युद्धविराम झाला, जानेवारीत ताश्कंद झाले. त्यानंतर कोणता धोका होता?

‘मग सोमण यांनी राजीनामा का दिला नाही?’ ही दुसरी पळवाट. १९५९ साली जनरल थिमय्यांनी राजीनामा दिला आणि पंडित नेहरूंच्या सांगण्यावरून मागे घेतला. त्यातून थिमय्यांचे आणि भूदलाचे भले झाले, असे कोणी म्हणू शकेल का? आणि ती शांततेची वेळ होती. छांब आणि लाहोरच्या आघाड्या पेटलेल्या असताना नौदलप्रमुखाने राजीनामा भिरकावला असता, तर आज हेच टीकाकार त्याला काय म्हणाले असते? सोमण यांनी जे करायचे ते केले. आपले मत शेवटच्या पायरीपर्यंत नेऊन मांडले, आणि ते फेटाळले गेल्यावर आदेश पाळला. घटनात्मक राज्यात सेनापतीला याहून वेगळा मार्ग नसतो. ज्यांना त्यात दुबळेपणा दिसतो, त्यांनी शेजारच्या देशाचा सेनापतींचा इतिहास एकदा वाचावा.

१९७१ साली हा धडा नौदलाने गिरवलेला दिसतो. ॲडमिरल नंदा यांनी युद्धाआधीच, ऑक्टोबरमध्ये, इंदिरा गांधींना सरळ विचारून घेतले की कराचीवर हल्ला केल्यास राजकीय हरकत आहे का. उत्तराचा आशय असा की, युद्ध झाले तर ते युद्धच असेल. १९६५चा कागद पुन्हा येऊ नये म्हणून हा प्रश्न आगाऊ विचारला गेला, हे उघड आहे. ४ डिसेंबरच्या रात्री ‘निर्घात’, ‘निपात’ आणि ‘वीर’ या क्षेपणास्त्र नौका कराचीवर चालून गेल्या. त्यांच्यासोबत ‘किल्तान’ आणि ‘कच्छल’ होत्या, पेट्या वर्गातल्या. त्या रात्री ‘खैबर’ बुडाली आणि ‘शाहजहान’ निकामी झाली. दोन्ही द्वारकेवर गोळे डागणाऱ्या सातांतल्या. दर वर्षी ४ डिसेंबरला आपण नौदल दिन साजरा करतो, त्यात नंदांचे नाव असते आणि ते असायलाच हवे. सोमण यांच्या काळात ज्या वर्गाच्या नौकांचा करार झाला, त्या नौका त्या रात्री कराचीसमोर होत्या, हे मात्र कोणी सांगत नाही.

एक गोष्ट उरली. यशवंतरावांनी आत्मचरित्राचा ‘कृष्णाकाठ’ हा पहिला खंड लिहिला, तो १९४६पाशी थांबतो. दिल्लीच्या वर्षांसाठी त्यांच्या मनात ‘यमुनाकाठ’ होता. तो लिहून झाला नाही. १९६५च्या युद्धकाळात त्यांनी लिहिलेली रोजनिशी मात्र त्यांचे खाजगी सचिव राहिलेले राम प्रधान यांनी प्रकाशात आणली आहे. खाली वाद घालायला येणाऱ्यांनी आधी ती वाचावी, सप्टेंबरचा पहिला पंधरवडा तारीखवार पाहावा, आणि त्यात नौदलाचा उल्लेख किती वेळा व कशासाठी येतो ते मोजून इथे लिहावे. मी वाट पाहतो.